रिकामं म्यान

खंडेनवमीची दुपार. वरवट बकालच्या आपल्या घरात पुष्पांजलीनं विळे, कुऱ्हाड, फावडं धुऊन पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं. शेवटी नवऱ्याच्या, शेषरावांच्या खुकरीचं म्यान ठेवलं. रिकामंच.

शेषराव फौजेतून परतले ते नेपाळी सोबत्यानं दिलेली ती हातानं घडवलेली खुकरी घेऊन. रोज मोहरीच्या तेलानं पुसायचे. गावात ते तेल कुणी वापरत नाही, त्यामुळे नवरा घरात आला की पुष्पांजलीला नाकानंच कळायचं. मागच्या वर्षी दोघे भाऊ सातपुड्यात बांबू तोडायला गेले आणि धाकटा गजेंद्र एकटाच आला. दादा दरीत गेला म्हणे, खुकरीसकट; म्यान तेवढं हाती राहिलं. कमरेला करकचून बांधलेलं म्यान, बरं का! वर्षभर ही गोष्ट तिच्या गळी उतरली नव्हती. प्रेतही सापडलं नाही.

ती उदबत्ती लावायला वाकली आणि तो वास आला. मोहरीच्या तेलाचा. रिकाम्या म्यानातून खुकरीची मूठ बाहेर आली होती.

मला भिववायला गजेंद्रनंच ठेवली असणार, तिला वाटलं. वळून पाहते तर तो दारातच उभा, चेहरा पांढराफटक.

"वहिनी... हे कोनं ठेवली?"

"मले काय मालूम, भाऊजी?"

तो पाटाकडे सरकला.

"हात नोका लावू! आज हत्यार उचलत नाहीत."

ऐकतो कशाला! त्यानं पातं उपसलंच. तेलानं चकचकीत, टोक शाबूत.

"हिचं टोक तं तुटलं होतं... मी पाह्यलं ना..."

"दरीत गेलेली खुकरी तुम्ही कवा पाह्यली, भाऊजी?"

गजेंद्र खुकरी पाटावर टाकून अंगणापलीकडच्या आपल्या खोलीत शिरला, आतून कडी घातली. पुष्पांजलीला रडू आलं नाही. राग आला, वर्षभर साचलेला.

दिवेलागणीला ती पाटाशी आली. विळे, कुऱ्हाड जागेवर, म्यानही. खुकरी मात्र नव्हती. तेलाचे थेंब अंगणातून गजेंद्रच्या बंद दारापर्यंत गेले होते. परत आलेले नव्हते.

आतून दबका आवाज येत होता. "दादा... ऐक ना, दादा..."

शेजाऱ्यांना हाक मारायला तिनं तोंड उघडलं. मग घरात गेली आणि हळूच आपल्या दाराची कडी लावून घेतली.