बोरखडीचे पंच

मधुसूदनराव पाटोदेकर त्या दिवशी घरून निघाले ते फक्त एक फोटो काढायला. दोन हजार तेराचा एप्रिल. गारखेड्यात नळाला आठव्या दिवशी पाणी येत होतं, आणि ते आलं की बायका हातातलं काम टाकून धावायच्या. चारुताबाईंनी त्यांना डब्याबरोबर पाण्याची बाटली दिली आणि बजावलं, "पुरवून प्या हो. आज नळाचा दिवस नाही." ती बाटली मधुसूदनराव फाटकाजवळच्या ओट्यावर विसरले आणि स्कूटरला किक मारून जालना रोडला लागले.

शहराच्या कडेला असलेल्या एका लहान पालिकेत ते नगररचना विभागात आरेखक होते. पालिकेचं नाव मी सांगणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. अक्षर मोत्यासारखं, नोकरी बत्तीस वर्षांची, निवृत्तीला चौदा महिने उरलेले. माणूस वाईट नव्हता. नाही म्हणायची सवय तेवढी नव्हती.

काम साधं होतं. करमाडच्या अलीकडची बोरखडी नुकतीच पालिकेच्या हद्दीत आली होती. तिथल्या एका तुकड्यावर आराखड्यात 'सार्वजनिक विहीर' असं आरक्षण पडलेलं, आणि नेमका त्याच तुकड्यातून नव्या प्लॉटिंगचा बारा मीटरचा रस्ता जायचा होता. आरक्षण उठवायचं तर जागेवर विहीर नाही असा पंचनामा हवा. पंचनाम्याची रीत अशी, की जागेवर जायचं, गावातली माणसं पंच म्हणून बोलवायची, जे दिसेल ते लिहायचं, त्यांना वाचून दाखवायचं आणि मग त्यांच्या सह्या-अंगठे घ्यायचे. हे पुस्तकातलं झालं. कचेरीत त्याला 'टेबल पंचनामा' म्हणत, आणि तो पंख्याखाली बसून व्हायचा.

मधुसूदनरावांनी तो सोमवारीच उरकला होता. बोरखडीतली नावं तर कुणाला ठाऊक नव्हती. मग शिपाई सर्जेराव रेकॉर्ड रूममधून बहात्तरच्या दुष्काळी कामाची जुनी फाईल घेऊन आला. वाळवीनं निम्मी खाल्लेली. एका पानावर चार नावं होती, वयासकट. कडुबा, वय सव्वीस. बन्सी, वय एकोणीस. फकिरा, वय चाळीस. मनकर्णाबाई, वय तीस. मधुसूदनरावांनी वयं मनानं वाढवली आणि नावं सुंदर अक्षरात उतरवली. पंच पाच लागतात म्हणून पाचवी ओळ कोरी ठेवली, वेळेवर कुणीतरी सापडेल म्हणून. चारही अंगठे सर्जेरावनं उमटवले, दोन हातांची वेगवेगळी बोटं शाईत बुडवून, आणि वर हसून म्हणाला, "साहेब, बोरखडीचं अख्खं गाव माझ्या हातात हाय बघा." मधुसूदनरावही हसले. खाली 'मजसमक्ष' लिहून त्यांनी सही ठोकली.

आता मोठ्या साहेबांना उद्याच्या सभेसाठी फोटो हवा होता. विहीर दिसणार नाही अशा बाजूनं.

बोरखडीला पोचेपर्यंत बारा वाजत आले होते. वस्ती पंधरा-वीस घरांची, तिच्यापुढं भेगाळलेलं रान, आणि त्या रानात, दगडी काठाची चांगली पंधरा हात रुंद विहीर. मधुसूदनरावांना वाटलं होतं, कोरडा खड्डा असेल. पण काठाशी जाताच गार वास आला. ओल्या दगडाचा, शेवाळाचा. त्या साली असा वास सबंध तालुक्यात कुठं उरला नव्हता.

एक म्हातारी कप्पीवरून पोहरा ओढत होती. साठीची, काटक, कपाळ मोकळं. तिनं मान वर केली.

"जय भीम. कचेरीतून आलाव का?"

"हो... नमस्कार. जागा बघायला."

"बघा की. मी सत्यभामा. समद्या वस्तीला हीच एक हाय. टँकर इकडं येत नाय, म्हणत्यात तुमाला विहीर हाय." तिनं पोहरा काठावर टेकला आणि त्यांच्याकडं नीट बघितलं. "घसा सुकलाय तुमचा. प्याल का आमच्या हातचं?"

मधुसूदनरावांचा हात क्षणभर अडखळला. बाटली ओट्यावर राहिल्याचं त्यांना तेव्हा आठवलं. म्हातारीनं जर्मनचा एक पोचा पडलेला तांब्या विसळून भरला आणि पुढं केला.

"पाणी प्या साहेब. मग लिवा काय लिवायचं ते."

ते प्याले. दात शिवशिवावेत इतकं गार होतं. सबंध तांब्या रिकामा केला, तोंड पुसलं, आणि त्यांना फार लाज वाटली. म्हातारी हंडा डोक्यावर घेऊन वस्तीकडं गेली. तिचा तांब्या काठावरच राहिला.

मधुसूदनराव विहिरीकडं पाठ करून उभे राहिले. मोबाईल धरून नुसतं रान येईल असा फोटो काढला. मागं कप्पी कुरकुरली. म्हातारी परतली असेल म्हणून ते वळले.

काठावर चार माणसं बसली होती. तिघं बाप्ये आणि एक बाई. केसांपासून पायांपर्यंत चिखलात भिजलेली, अंगावरून पाणी निथळतंय. गाळ काढणारी दिसतात, मधुसूदनरावांनी मनाशी म्हटलं. पण ही वर आली कधी? आणि डोक्यावर सूर्य असा की माणसाची सावली पायाखाली गोळा व्हावी... यांच्या पायाखाली नुसतं ओलं होतं.

"आलं का साहेब?" त्यातला एक जण म्हणाला. आवाज खोलातून आल्यासारखा.

"तुम्ही... कोण?"

"आमाला बोलावलंय."

"कुणी?"

"तुमीच की. कागद निघालाय नव्हं का आमच्या नावाचा?"

मधुसूदनरावांच्या तोंडाला कोरड पडली. आत्ताच तांब्याभर पाणी पिऊनसुद्धा. "नावं... नावं काय तुमची?"

"कडुबा."

"बन्सी."

"फकिरा."

"मनकर्णा."

अगदी त्याच क्रमानं. यादीतल्या.

एकोणीस वर्षांचा पोरगा दिसत होता तो बन्सी पुढं वाकला. त्याच्या कानातून चिखल ओघळला. "वाचून दाखवा साहेब. अंगठा घ्यायच्या आदी वाचून दाखवायची रीत असती ना?"

का कोण जाणे, मधुसूदनरावांनी पिशवीतली पंचनाम्याची प्रत काढली. बत्तीस वर्षांची सवय म्हणा. "आम्ही खाली सह्या करणार पंच... समक्ष जागेवर हजर राहून लिहून देतो की... सदर जागेची पाहणी केली असता... जागेवर विहीर..."

"वाचा."

"...विहीर आढळून आली नाही."

रानात पाखरूसुद्धा नव्हतं. आत, खाली, पाण्यात काहीतरी टपकत होतं. मग कडुबानं हळू विचारलं. रागानं नाही, खरंच कळत नसल्यासारखं.

"हितं विहीर नाय... मग आमी कुठं हाव?"

मधुसूदनराव मागं सरकले, ठेचकाळले, पडले. डोळे उघडले तेव्हा सत्यभामा त्यांच्या तोंडावर पाणी मारत होती. काठ मोकळा होता. दगडांवर चार ओल्या जागा होत्या आणि उन्हानं भराभरा आकसत चालल्या होत्या.

"ऊन लागलं व्हय?" ती म्हणाली.

"इथं... कडुबा म्हणून कुणी..."

म्हातारीचा हात थांबला. "माझा धनी हुता कडुबा. बहात्तरला ही विहीर खोदताना दरड आली. चार जण आत. वर काढायला जमलं नाय... सरकार म्हणलं, पाणी लागलंय, आता उपसाया नको." तिनं विहिरीकडं बघितलं. "तवापास्न ही आटली नाय कधी. तुमाला नाव कुणी सांगितलं?"

कचेरीत परतल्यावर मधुसूदनरावांनी जुनी फाईल पुन्हा उघडली. ज्या पानावरून नावं उतरवली होती त्याच्या वरच्या कोपऱ्याला आधीच्या पानाचा तुकडा चिकटलेला होता. तो नखानं सोडवला तर खाली मथळा निघाला. 'मयतांची यादी.'

ते तसेच मोठ्या साहेबांकडं गेले. पंचनामा मागं घेतो म्हणाले. विहीर आहे, पाणी आहे, अख्खी वस्ती त्यावर जगते, असं सगळं एका दमात बोलले. बत्तीस वर्षांत इतकं ते त्या खोलीत कधी बोलले नव्हते.

साहेबांनी शांतपणे ऐकलं. "पाटोदेकर, मागं घेता म्हणजे खोटा लिहिला म्हणता. लिहिला कुणी? 'मजसमक्ष' खाली सही कुणाची?" ते थोडं थांबले. "चौदा महिने राहिलेत ना तुमचे? पेन्शनचे कागद माझ्याकडूनच जातात. उद्याच्या सभेत ऐनवेळचा विषय म्हणून घेतोय. फोटो द्या."

मधुसूदनरावांनी फोटो दिला. इथं त्यांची बाजू घ्यायला मला फार आवडलं असतं, पण दिला तो दिलाच.

दुसऱ्या दिवशी सभेत कचऱ्याच्या गाड्यांवरून आरडाओरडा चालला असताना तो विषय वाचला गेला. "मंजूर, मंजूर," दोन-तीन आवाज आले. तेवढ्यात संपलं. मधुसूदनराव मागच्या खुर्चीत नकाशाची गुंडाळी धरून बसले होते. हात वर केला असता तर कुणीतरी बघितलं असतं. आठवड्यात विहीर मुरमानं बुजली.

मग कचेरीत ते सुरू झालं. नगररचनेच्या दारासमोर लोकांना बसायला लांब बाकडं होतं. एका दुपारी सर्जेराव फडकं घेऊन कुरकुरत आला. "साहेब, ह्या बाकड्यावर रोज बाराला पाणी कोण सांडतंय? लोकांना प्यायला मिळंना अन् इथं चार-चार जागी थारोळं!"

"चार?"

"चारच. माणसं बसून उठावीत तसं. अन् चिखल बी हाय."

मधुसूदनराव बाराच्या सुमारास खोलीचं दार लावून घ्यायला लागले. दाराखालच्या फटीतून गार वास यायचा. ओल्या दगडाचा, शेवाळाचा. कुणी दार वाजवायचं नाही, कुणी हाक मारायचं नाही. सुनावणीला आलेल्या माणसांसारखी ती बाहेर बसून राहायची. आणि ज्या दिवशी त्यांनी धीर करून दार उघडलं, त्या दिवशी बाकडं रिकामं होतं, ओलं होतं, आणि कडुबाचा तो प्रश्न मात्र त्यांच्या कानात होता.

मे महिना सरता सरता सर्जेरावनं पेपर आणून पुढं टाकला. या खेपेला तो हसत नव्हता. आतल्या पानावर चार ओळी होत्या. जालना रोडवर टँकरमागं हंडा घेऊन धावताना बोरखडीची एक वृद्धा मागच्या चाकाखाली आली. सत्यभामाबाई, वय त्रेसष्ट.

"साहेब... आपण तिथली विहीर..." सर्जेराव म्हणाला आणि फडकं उचलून बाहेर निघून गेला.

मधुसूदनरावांना रडू आलं. त्या तांब्यातलं पाणी त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं होतं, आणि नंतर तिचं पाणी तोडलं होतं. दुसऱ्या दिवशी बाराला ते स्वतः बाकड्यापाशी गेले. मोजायची गरज नव्हती, तरी मोजलं. पाच.

घरी जाण्याआधी त्यांनी पंचनाम्याची मूळ प्रत काढून पाहिली. पाचवी ओळ कोरीच होती. कागद मात्र तेवढ्या जागी फुगलेला, बोट ठेवून उचलावं तसा ओला. त्यांनी तब्येतीचं कारण लिहून त्याच संध्याकाळी रजा टाकली आणि पुन्हा त्या कचेरीत पाऊल ठेवलं नाही. त्यांच्या मनात एकच हिशेब होता. ती कचेरीत येतात. कचेरीच सोडली म्हणजे सुटलो.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी दुपारी ते आतल्या खोलीत पडले होते. पंखा बंद, वीज गेलेली. चारुताबाई स्वयंपाकघरातून आल्या.

"अहो, तुमच्याकडं कोण आलं होतं? ओट्यावर पाणीच पाणी आहे."

ते उठून बसले. "नळ?"

"नळाला अजून तीन दिवस आहेत. माणसं बसल्यासारख्या जागा आहेत ओल्या... पाच." त्या पदराला हात पुसत होत्या. "आणि हे ठेवून गेलेत. आपलं नाही ना हे?"

त्यांच्या हातात जर्मनचा तांब्या होता, एका बाजूला पोचा पडलेला. काठोकाठ भरलेला. बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन होतं आणि तांब्याला बाहेरून घाम फुटला होता.

"किती गार आहे हो," चारुताबाई म्हणाल्या. "फाटकाशी एक म्हातारी दिसली. मी म्हटलं, आजी, तुमचं राहिलं. तर म्हणाली, साहेबांचंच हाय. पाणी प्या म्हणावं... मग लिवा."

मधुसूदनराव तसेच ओट्यावर आले. तांब्या ठेवला होता त्या जागी, फरशीवर, त्यांचाच शाईचा पेन ठेवलेला होता. तो त्यांनी कचेरीच्या ड्रॉवरात कुलूप लावून ठेवला होता. टोपण काढलेलं होतं, आणि निबमधून शाईऐवजी थेंब थेंब चिखल ठिबकत होता.