ठेवतो फोन, उन्मेष आलाय

ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटवायची म्हणून लिहीत नाही. पटली नाही तर उलट मलाच बरं वाटेल.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

गेल्या जानेवारीतली, भर दुपारची आहे. लख्ख ऊन होतं. कॅनडात, टोरोंटोजवळच्या मिल्टन गावाबाहेर एका शेतावर बर्फ इतका चमकत होता की डोळे उघडवत नव्हते.

मी उन्मेष. मूळचा कऱ्हाडचा. टोरोंटोहून उडणाऱ्या एका एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर आहे, म्हणजे कॅप्टनच्या शेजारी बसणारा पायलट.

आणि मी आरव्हीत राहतो.

बससारखी लांब गाडी. आत बेड, गॅस, छोटं वॉशरूम, छोटा हीटर. कंपनीने माझा बेस, म्हणजे ड्यूटी जिथून सुरू होते ते शहर, दोनदा बदलला, सामान बांधून बांधून कंटाळलो. तसाही निम्मा महिना हॉटेलांतच जातो. म्हणून ही गाडी घेतली. डग नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्या शेताच्या आवारात जागा दिली. उन्हाळ्यात तिथे बऱ्याच आरव्ही उभ्या असतात. हिवाळ्यात फक्त माझी.

यात वाईट काही नाही, हे मलाही कळतं. इथे बरेच लोक असे राहतात.

पण मी घरी सांगितलं नव्हतं.

घरी सांगितलं होतं, कॉन्डो घेतलाय, म्हणजे स्वतःचा फ्लॅट. बाबांनी ते अख्ख्या गल्लीत सांगितलं होतं.

आई गेली आणि बाबा एकटे पडले. म्हणाले, "हिवाळा तर हिवाळा. मी येतो तुझ्याकडे." नको म्हणायला मला कारण सापडेना. एअरपोर्टवरून गाडी सरळ डगच्या शेतावर आणली आणि म्हणालो,

"बाबा, कॉन्डोत पाइप फुटलाय. काम चालू आहे. थोडे दिवस इथे काढू."

बाबा वाकून आत आले. टेलिफोन खात्यात आयुष्य काढलेला माणूस, प्रत्येक वस्तू निरखून बघायची सवय. त्यांनी माझे टांगलेले युनिफॉर्म बघितले. मसाल्याचा डबा बघितला. भिंतीवर लावलेला आईचा फोटो बघितला.

थोड्या दिवसांसाठी कुणी भिंतीवर फोटो लावत नाही.

"छान आहे. ऊब आहे," एवढंच म्हणाले.

दोन दिवसांनी वनिताआत्याचा व्हिडिओ कॉल आला. बाबांनी फोन पटकन खिडकीकडे वळवला. बाहेर नुसता बर्फ.

"बघ वने, केवढं आवार आहे उन्मेषच्या घराला."

मी वॉशरूममध्ये उभा राहून ऐकत होतो. बाहेर यायला तोंड नव्हतं. माझं खोटं आता बाबा बोलत होते.

मग माझी चार दिवसांची ट्रिप लागली. फ्रीज भरून ठेवला. बाबांना हीटर समजावला. डगचा नंबर भिंतीवर चिकटवला. आणि निघताना म्हणालो, "कुणी आलं तर दार उघडू नका."

थंडीची काळजी होती म्हणून नव्हे. मिल्टनमधल्या मराठी मंडळींपैकी कुणी चुकून इकडे आलं तर, म्हणून.

परत आलो तेव्हा बाबा अगदी वेगळे दिसले. चेहरा हलका झालेला. सिंकमध्ये दोन कप होते.

"कोण आलं होतं बाबा?"

ते हसले. "मन मोकळं झालं ना आता? बरं झालं."

मला वाटलं, आईच्या आठवणीने काही बोलतायत. मी कप धुवायला घेतले. दुसऱ्या कपाला चहाचा डागही नव्हता... आतलं पाणी मात्र गोठलं होतं.

आत, हीटर चालू असताना.

मी तेव्हा पुढे काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

पुढच्या ट्रिपला व्हँकुव्हरला लेओव्हर होता, म्हणजे रात्रीचा मुक्काम. शेजारच्या बर्नाबीतल्या हॉटेलात सकाळी उठलो, खाली जाऊन कॉफी आणली आणि बाबांना फोन लावला. मिल्टन तीन तास पुढे, तिथे तेव्हा दुपार होती.

आम्ही बोलत होतो. काय खाल्लं, हीटर नीट चालतोय का, असंच.

तेवढ्यात फोनमधून आवाज आला...

कर्रर्र.

माझ्या आरव्हीची बाहेरची लोखंडी पायरी. कुणी पाय ठेवला की तसा आवाज येतो. आणि आत कुणी चढलं की सगळी गाडी किंचित हलते. टांगलेला झारा भांड्याला लागून किणकिणतो.

झारा किणकिणला.

"बाबा, कोण आहे?"

बाबांचा आवाज एकदम खुलला.

"बरं, ठेवतो फोन. उन्मेष आलाय."

मी म्हणालो, "बाबा, मी उन्मेष बोलतोय."

बाबा फोनपासून दूर कुणाला तरी म्हणाले, "ये, ये. बूट राहू दे."

फोन बंद झाला.

मी परत लावला. रिंग जात राहिली. कुणी उचलला नाही.

मी डगला फोन केला. म्हणालो, माझ्या बाबांकडे कुणीतरी शिरलंय, जरा बघ.

डग गोंधळला. "बट यू आर होम, राइट? आत्ताच तुला रस्त्यावरून चालत येताना पाहिलं. युनिफॉर्म, टोपी. मी हात केला. तू बघितलं नाहीस."

"डग, मी व्हँकुव्हरला आहे."



मी टोपी कधीच घालत नाही. ती आरव्हीच्या कपाटात पिशवीत पडून असते.

मग डग हळूच म्हणाला, "तुझी कार नव्हती. मला तेव्हाच विचित्र वाटलं."

फोन चालू ठेवूनच तो निघाला. मला त्याच्या बुटांखाली बर्फ मोडल्याचा आवाज येत होता. त्याचा श्वास येत होता. मग तो थांबला.

"दार उघडं आहे. तुझे डॅड इथे नाहीत."

पुढची काही मिनिटं मी सांगू शकत नाही. हॉटेलच्या गालिच्यावर बसलो होतो, एवढं आठवतं.

बाबा शेताच्या मागच्या तळ्यावर सापडले. काठावर नाही... आत, बर्फावर. कडेचा बर्फ घट्ट होता, पण मध्ये झरा आहे, तिथे तो पातळ असतो. बाबा मध्याकडे चालले होते. अंगात स्वेटर, पायात घरातल्या सपाता.

डगने पोटावर सरपटत जाऊन त्यांना मागे ओढलं. सत्तरीचा माणूस. त्याचे उपकार मी फेडू शकणार नाही.

नंतर तो मला म्हणाला, "त्यांचा उजवा हात असा बाजूला होता. कुणी कोपर धरून नेत असावं तसा. आणि ते बोलत होते. अगदी प्रेमाने."

बर्फावर पावलं एकट्या बाबांचीच होती.

कंपनीने मला मिळेल त्या फ्लाइटने परत पाठवलं. सकाळी हॉस्पिटलमध्ये पोहोचलो. बाबांच्या पायांना बँडेज होतं. दोन बोटं काळी पडली होती, पण वाचली.

मला बघून ते ओशाळले.

"तुला उगाच त्रास झाला. तू कुठे गेलास मग? हात सोडून?"

"बाबा, कुठे चालला होतात?"

"तूच नेत होतास की. म्हणालास, चला, आईला भेटून येऊ."

मी पलंगाच्या कडेवर बसलो.

बाबांनी माझा हात हातात घेतला. "आणि मागच्या वेळी सगळं सांगितलंस, ते फार बरं केलंस. पाइप नाही, कॉन्डो नाही. किती रडलास रे. मी म्हटलं ना तुला तेव्हाच, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. गाडीत राहतोस तर राहतोस, त्यात लाजायचं काय?"

मी काहीच सांगितलं नव्हतं.

एक शब्दही नाही.

पण 'तो मी नव्हतो' म्हणायचं, तर 'मी तुम्हाला कधीच सांगणार नव्हतो' हेही म्हणावं लागलं असतं. तळ्याचं, त्या दुसऱ्याचं, सगळ्याचं भय वाटत होतं. तरी त्या क्षणी सगळ्यात जास्त वाटली ती लाज. बाबा माफ करत होते, आणि ती माफी मी दुसऱ्याच्या नावावर गपचूप घेत होतो.

मी मान खाली घातली. बाबांनी पाठीवरून हात फिरवला.

फेब्रुवारीत रजा काढून त्यांना कऱ्हाडला पोहोचवलं. तिथे घरात, ओळखीच्या भिंतींमध्ये, माझ्यात जरा धीर आला. एका दुपारी ते शेंगा सोलत बसले होते. मी समोर बसलो.

"बाबा, तिकडे तुम्हाला जो सगळं सांगून गेला, तो मी नव्हतो. मी विमानात होतो. मी तुमच्याशी शेवटपर्यंत खोटंच बोललो."

त्यांनी वर बघितलं नाही. शेंगा सोलत राहिले.

"हेही म्हणाला होतास तू," ते शांतपणे म्हणाले. "म्हणालास, बाबा, एक दिवस मी सगळं नाकारीन. तेव्हा मनाला लावून घेऊ नका."

मग त्यांनी दाण्यांची मूठ माझ्या हातात दिली. "नाही लावून घेतलं."

मी ते दाणे एकेक करून खाल्ले.

मी अजून त्याच आरव्हीत राहतो. टोपी फेकून दिली. वनिताआत्याला, सगळ्यांना खरं सांगून टाकलं. कुणालाही फारसं काही वाटलं नाही.

डग हल्ली लांबून हात करत नाही. आधी माझी कार उभी आहे का बघतो, जवळ येतो, चेहरा नीट बघतो, मगच बोलतो. मला राग येत नाही.

बाबांना मी आता रोज फोन करतो. बहुतेक वेळा ते खूश असतात. पण कधी कधी, माझा त्या दिवसाचा पहिलाच फोन असताना, दोन रिंगनंतर उचलतात आणि हसून म्हणतात,

"अरे, परत? आत्ताच तर फोन ठेवला आपण..."

मी हो म्हणतो.