तीन चाळीसची बस

"सात पाचची पॅसेंजर, अकरा वीसला जंक्शन. तिथून बारा पंधराची छोटी गाडी, दोन पन्नासला खाणीचं स्टेशन. स्टेशनाबाहेरच्या फाट्यावरून तीन चाळीसची बस, आणि पाच वाजता तळ्याकाठी मावशीच्या दारात." राजेने कागद खाली ठेवला आणि घसा खाकरला. "एकट्यानं. फक्त रेल्वे आणि बस."

मामाने टाळी वाजवली. मामी म्हणाली, "किती मुद्देसूद मांडलंस रे!"

भिंगरीने हातातला घास परत ताटात ठेवला. कागदावरचं अक्षर राजेचं होतं, पण त्यातलं एकेक मिनिट तिचं होतं.

दर सुट्टीत ही भावंडं मामाकडे जमायची. तेरा वर्षांचा राजे हा भिंगरीचा मावसभाऊ. सगळ्या नातवंडांत मोठा, चालण्या-बोलण्यात ऐट, म्हणून राजे. बारा वर्षांची भिंगरी एका जागी ठरत नसे, म्हणून भिंगरी. आणि तिचा नऊ वर्षांचा भाऊ सतत तिच्या मागे मागे असायचा, त्यामुळे त्याचं नाव शेपूट पडलं होतं. त्याला ते आवडायचंही.

मामाचा छापखाना होता. सुट्टी लागली त्याच दिवशी त्याने जाहीर केलं होतं, "धाकट्या मावशीकडे एकट्याने जायचा बेत आखा. गाड्यांच्या वेळा तुम्हीच शोधायच्या. ज्याचा बेत पक्का, तो जाणार."

भिंगरी चार दिवस कागदाच्या गोदामात पालथी पडून होती. रेल्वेचं वेळापत्रक, मामानेच छापलेलं बसचं नवंकोरं वेळापत्रक, पट्टी, पेन्सिल. तिसऱ्या दिवशी राजे तिच्याशेजारी येऊन बसला. "हे वाचतात कसं गं? मला तर मुंग्या दिसतात नुसत्या." तिला बरं वाटलं. राजेला न येणारं काहीतरी तिला येत होतं! तिने सगळं उलगडून दाखवलं. जोडगाडी कशी शोधायची, मध्ये किती वेळ राखायचा, शेवटची बस चुकली तर काय होतं, सगळं.

आणि आज तिच्या आधी राजेने बेत वाचून दाखवला होता.

"मामा, माझाही हाच आहे," ती म्हणाली.

"मग तर प्रश्नच मिटला," मामा हसत म्हणाला. "दोघांचा बेत एकच. राजे वर्षाने मोठा आहे, या शनिवारी तो जाईल. तू पुढच्या सुट्टीत."

पुढच्या सुट्टीत! भिंगरीने ताट उचललं आणि ती आत गेली.

त्यानंतर राजेचंच राज्य सुरू झालं. मामीने त्याला लाल पिशवी शिवून दिली. मामाने स्वतःचं घड्याळ दिलं. शेजारचे लोक येऊन म्हणू लागले, "काय हो, एकटे निघालात म्हणे." राजे खांदे उडवून म्हणायचा, "त्यात काय, जोडगाड्यांचा अंदाज हवा फक्त." तो शब्दसुद्धा तिचाच होता. भिंगरीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

शुक्रवारी दुपारी ती आणि शेपूट छापखान्यात रद्दीचे गठ्ठे बांधत होते. वेळापत्रकाच्या प्रती सकाळीच दुकानादुकानांत गेल्या होत्या. रद्दीत गेल्या वर्षीचं वेळापत्रक निघालं. शेपटाने ते नव्याशेजारी ठेवलं.

"ताई, हा 'थ' उलटा का आहे?"

'थांबा' या शब्दातला 'थ' डोक्यावर उभा होता. भिंगरी हसली. छपाईत अक्षराचा शिशाचा खिळा उलटा बसला की अक्षरही उलटं छापलं जातं. मग तिने नव्या वेळापत्रकात पाहिलं. तीच ओळ, तोच शब्द, तोच उलटा 'थ'.

तिचं हसू मावळलं. तिने बोट ठेवून ओळीमागून ओळ ताडून पाहिली. सगळ्या वेळा सारख्या. नव्याच्या मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'सुधारित'.

"शेपटा, यात सुधारलंय काय? फक्त मुखपृष्ठ?"

दोघं धावत बसस्थानकावर गेले. चौकशीच्या खिडकीत नियंत्रक चहा पीत बसले होते.

"काका, खाणीच्या फाट्यावरची तीन चाळीसची बस..."

"छापलंय ना? मग छापलंय तेच खरं," ते मान वर न करता म्हणाले. "पुढचा कोण?"

पुढे कुणीच नव्हतं. पण भिंगरी वाद घालत बसली नाही. आवारात एक ड्रायव्हर बसची काच पुसत होता. तिने त्यालाच गाठलं.

"तीन चाळीस?" तो म्हणाला. "ती एक तारखेपासून अडीचला सुटते. मीच नेतो ना आठवड्यातून दोनदा. रोज कुणीतरी चुकतं आणि बोल आम्हाला लावतं. त्यानंतर बस नाही तिकडे."

अडीच! आणि छोटी गाडी खाणीच्या स्टेशनावर पोचणार दोन पन्नासला.

"म्हणजे राजेदादा अडकणार," शेपूट म्हणाला. "चल, मामाला सांगू."

भिंगरी जागची हलली नाही. तिच्या डोळ्यांसमोर राजे आला. ओसाड स्टेशन, लाल पिशवी आणि रिकामा रस्ता. मग फजिती होऊन परत आलेला राजे, आणि 'तुलाच पाठवायला हवं होतं' असं म्हणणारा मामा. पोटात इतके दिवस जे जळत होतं, त्यावर कुणीतरी गार पाणी ओतल्यासारखं वाटलं तिला.

"नाही सांगायचं," ती म्हणाली. "बेत त्याचा आहे ना? त्यानेच निस्तरावा."

"पण ताई..."

"माझ्या मागे यायचं असेल तर गप्प बसायचं."

शेपूट गप्प बसला. पण घरी जाताना तो तिच्या मागे चालत नव्हता, रस्त्याच्या दुसऱ्या कडेने चालत होता.

संध्याकाळी पिशवी भरताना राजेने तिला कोपऱ्यात बोलावलं. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. "फाटा स्टेशनच्या कुठल्या बाजूला गं? उतरल्यावर मला कळेल ना?"

"कळेल," ती म्हणाली. "डावीकडे." तेवढं मात्र तिने खरं सांगितलं.

सकाळी सगळे फलाटावर गेले. राजे खिडकीतून हात हलवत होता. भिंगरीच्या ओठांवर शब्द आले होते, पण तेवढ्यात मामी डोळे पुसत म्हणाली, "आमच्या घराण्यात असा धीट मुलगा दुसरा नाही." भिंगरीने ओठ मिटून घेतले. सात पाचला गाडी सुटली.

मामा तिथूनच कागद आणायला दुसऱ्या गावी गेला. भिंगरी आणि शेपूट छापखान्यात येऊन बसले. आठच्या सुमाराला खिडकीशी एक बाई आली. कडेवर तान्हं मूल, बोटाला दुसरं.

"वेळापत्रक द्या हो एक. दुपारी खाणीच्या फाट्यावरून पुढे जायचंय. तीन चाळीसची बस आहे ना? शेवटची तीच ना?"

भिंगरीने प्रत उचलली, पण तिचा हात पुढे जाईना. ही बाई तर तिच्याशी कधी ऐटीत वागली नव्हती! आणि राजे तरी... डावीकडे की उजवीकडे, हे विचारताना किती हळू बोलला होता.

"ती बस आता अडीचला आहे," तिच्या तोंडून निघालं. "हे चुकीचं छापलंय. आज निघू नका."

आतून आवाज आला, "कोण म्हणतं चुकीचं?" खिळे जुळवणारे जुळारीकाका चष्मा कपाळावर चढवत बाहेर आले. "तीस वर्षं जुळणी करतोय मी."

भिंगरीने दोन्ही वेळापत्रकं त्यांच्यापुढे ठेवली. "काका, हा उलटा 'थ' बघा."

"होतं असं एखाद्या वेळेस."

"दोन वर्षं? त्याच ओळीत, त्याच जागी?"

जुळारीकाकांनी चष्मा खाली ओढला. दोन्ही 'थ' त्यांनी बोट ठेवून ताडून पाहिले. मग आपल्या मेजाचा खण बाहेर काढून त्यांनी तो उपडा केला. खणातल्या एका डब्याच्या झाकणाखालून घडी घातलेले दोन कागद निघाले. वर बसस्थानकाचा शिक्का, खाली नव्या वेळांची यादी.

"गेल्या वर्षीचे जुळवलेले खिळे तसेच सुतळीने बांधून ठेवले होते मी," ते खालच्या आवाजात म्हणाले. "म्हटलं, मुखपृष्ठ आधी छापू, यादी आली की वेळा बदलू. यादी आली, आणि... राहूनच गेलं. पण तपासायला प्रत पाठवली होती मी. नियंत्रकांची सही आहे तिच्यावर!"

"त्यांनी वाचली असेल?" शेपटाने विचारलं.

याचं उत्तर तिघांनाही माहीत होतं.

भिंगरी यादीवर वाकली होती. अडीचची बस तिथे स्वच्छ लिहिलेली होती. पण नुसतं 'अडकशील' एवढं कळवून काय उपयोग? तिचं बोट झरझर खाली सरकलं. जंक्शनच्या रकान्यात एक नवीन ओळ होती. अकरा चाळीसची बस, खाणीच्या फाट्यावर दोन दहाला.

"मिळाली!" ती ओरडली. "छोटी गाडी सोडून ही बस धरली, तर अडीचची सापडते. शेपटा, स्टेशनवर चल. काका, तुम्हीपण. मुलांचं कुणी ऐकत नाही."

काकांनी यादी खिशात घातली. ती बाईही मुलांना घेऊन मागोमाग निघाली. "मलाही तीच बस धरायचीय की," ती म्हणाली. "नवाची गाडी आहे मला."

"ती जलद गाडी आहे, साडेअकराला जंक्शनला पोचते," भिंगरी चालता चालता म्हणाली. "मध्ये दहाच मिनिटं आहेत. उतरलात की सरळ बसकडे जा."

स्टेशनमास्तरांनी आधी हात झटकले. "पोरांच्या शंकांसाठी फोन नसतो. कामाची लाइन आहे ती." मग काकांनी शिक्क्याची यादी पुढे केली आणि म्हणाले, "चूक माझी आहे. पोरं बरोबर आहेत." मास्तरांनी यादी वाचली, घड्याळाकडे पाहिलं आणि जंक्शनचा फोन फिरवला.

"हं, सांग. लाल पिशवी, तेरा वर्षं. निरोप काय?"

"छोटी गाडी सोड. अकरा चाळीसची बस धर. फाट्यावर उतर, तिथून अडीचची बस." भिंगरी थांबली. एकदम तिच्या मनात आलं, राजे हे ऐकेल कशाला? चार दिवस ती त्याच्याशी धड बोललेली नव्हती. त्याच्या जागी ती असती तर म्हणाली असती, जळते ही, माझा बेत मोडायला बघते.

"एवढंच?" मास्तरांनी विचारलं.

काका, शेपूट, ती बाई, हमाल, सगळे तिच्याकडे बघत होते.

"आणखी एक," ती म्हणाली. कान तापले होते तिचे. "सांगा, बस बदललीय हे मला कालच कळलं होतं. तुझा हेवा वाटला, म्हणून मी सांगितलं नाही."

मास्तरांनी फोनवर हात ठेवला. "हेसुद्धा कळवायचं?"

"हो. जसंच्या तसं."

मास्तरांनी ते एकेक शब्द तोडून फोनवर सांगितलं. भिंगरी जमिनीकडे बघत राहिली. तिच्या शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. शेपूट होता.

मग दुपार संपता संपेना. जुळारीकाकांनी कुणी न सांगता दुरुस्तीची पट्टी जुळवली, प्रत्येक आकडा दोनदा वाचला. दोघं मुलं ओल्या पट्ट्या दोरीवर वाळत घालत होती. मामा परतला तेव्हा काकांनी त्याला सगळं सांगितलं, आणि काकांना माहीत नव्हतं तेवढं भिंगरीने सांगितलं. मामाने दोन्ही वेळापत्रकं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. पट्ट्या घेऊन तो बसस्थानकावर गेला आणि नियंत्रकांना बरोबर घेऊनच परत आला.

सव्वाचारला फोन वाजला. मामाने तो उचलला, ऐकला आणि भिंगरीकडे दिला.

"पोचलो," राजे म्हणाला. "जंक्शनवर भोंग्यातून 'लाल पिशवीवाले राजे' असा पुकारा केला. माणसं हसत होती गं."

"तुला खरं वाटलं?"

"पहिलं वाटलं, ही काड्या घालतेय. मग त्यांनी शेवटचं वाक्य वाचलं. स्वतःबद्दल असं खोटं कोण सांगेल? पळतच सुटलो. आणि ती दोन मुलांवाली बाई माझ्या शेजारीच बसली होती. तिने सगळं सांगितलं मला. भिंगरे, बेत तुझाच होता, हे मी मामाला सांगायला हवं होतं."

"हो," भिंगरी म्हणाली. "हवं होतं."

नियंत्रक दारात टोपी हातात धरून उभे होते. "पोरी, काल मी मान वर करून बघितलं असतं तर एवढं रामायण झालं नसतं," ते म्हणाले. "तुम्हा दोघांच्या डोळ्यांपुढे आमचे चष्मे फिके." त्या दोघांत आपणही आलो, हे कळल्यावर शेपूट एकदम ताठ झाला.

"तू केलंस त्यातलं एक मला अजिबात आवडलेलं नाही," मामा भिंगरीला म्हणाला. "पण ते तू स्वतःच सगळ्यांसमोर सांगितलंस. एवढं धाडस आमच्यात मोठ्यांनाही जमत नाही. आणि अर्ध्या वाटेत नवा बेत आखायचा, तर त्याला डोकं लागतं. पुढच्या शनिवारी तू जायचंस. बेत तुझा, नाव तुझं."

फोन अजून चालूच होता. राजे सांगत होता, तळं केवढं मोठं आहे, मावशीची होडी कशी आहे, उद्या पहाटे ते दोघं पार पलीकडच्या काठापर्यंत जाणार आहेत. भिंगरीच्या पोटात पुन्हा तीच ओळखीची आग उठली. पुढच्या शनिवारला अजून तब्बल सात दिवस होते.

तिने वही ओढली, पेन्सिल घेतली.

"होडीचं नंतर सांग," ती म्हणाली. "आधी सांग, अडीचची बस तळ्यावर नक्की किती वाजता पोचली?"