गॅस न भरलेला शॉकअप

आज दिवसभर खोटं बोलणार नाही, असा नेम मी रोज सकाळी देवापुढे हात जोडून घेते. तो नेम न मोडता हे लिहिते आहे. यातला शब्दन् शब्द खरा आहे.

भुताखेतांच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे.

घडली आमच्याच घरात. स्वयंपाकघराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये. माझ्या नणंदेबरोबर.

वन्सं नर्स आहेत. डोंगरावरच्या वस्त्यांवर बाळंतपणाला जायचं, हे त्यांचं काम. वरचा रस्ता म्हणजे नुसते दगड. तिथे चढायची ती फक्त अप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, जुनी जीप. अप्पा होते तोवर तेच वन्संना सोडायचे. स्टिअरिंगला मात्र कधी हात लावू दिला नाही. आणि जीपचे शॉकअप, म्हणजे दगडधोंड्यांचे धक्के गिळणारी ती चार नळकांडी, घरीच उघडून दुरुस्त करायचे.

"दुसऱ्या कुणाच्या हातचा शॉकअप माझ्या गाडीला लागायचा नाही," म्हणायचे.

अप्पा गेले. शॉकअप गळायला लागले. गाडी होडीसारखी डुलायला लागली. शेवटी ह्यांनी भंगारवाल्याला शब्द देऊन टाकला.

"ताई, संध्याकाळी तो गाडी न्यायला येतोय."

"त्याआधी ती टेकडी चढून उतरली तर?"

"तर ठेव तुला. पण शॉकअप उघडणं म्हणजे काय कुकरची शिट्टी बसवणं आहे?"

"ती तरी तुला कुठे बसवता येते रे?"

हसल्या, पण जीव टांगणीला होता. गाडी गेली की त्यांना खालच्या दवाखान्यात बसावं लागणार होतं. आणि वर वस्तीवर एक अवघडलेली बाई त्यांच्याच वाटेकडे डोळे लावून होती.

अप्पांची रीत वन्संनी दारात उभं राहून पाठ केली होती. जुना गॅस सोडायचा. दांडा बाहेर काढायचा. फाटकं सील बदलायचं. ऑइल ओतायचं. मग दांडा हळूहळू वरखाली करत, स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने नळकांड्यावर टकटक करायचं, आत अडकलेली हवा बुडबुडे होऊन बाहेर पडेपर्यंत. थोडी जरी हवा राहिली, तरी गाडी ऐन उतारावर दगा देते.

दोन शॉकअप नीट झाले. तिसऱ्याला वन्संनी घाई केली.

बुडबुडे थांबायची वाट न बघताच झाकण आवळलं. दांडा आत दाबून ठेवला. गॅस त्या चारही झाल्यावर एकदम भरणार होत्या.

गॅस नसला की दाबलेला दांडा आतच राहतो. त्याला वर ढकलायला आत काहीच नसतं.

एवढं लक्षात ठेवा.

वन्सं चौथ्याकडे वळल्या. शेजारी कुणीतरी भिंतीत ड्रिल मारत होतं. ते थांबलं.

मग त्यांना जाणवलं... पंखा फिरतोय. पण त्याचा आवाज येत नाहीये.

आणि पाठीमागून...

टक. टक. टक.

लाकडाचा आवाज. लोखंडावर.

स्क्रूड्रायव्हर तर त्यांच्याच हातात होता.

वळून पाहिलं. शिकंज्यात धरलेल्या तिसऱ्या शॉकअपचा दांडा... पूर्ण बाहेर आला होता.

वन्संनी तो दाबला. आत गेला. हात काढला.

तो पुन्हा वर आला... सावकाश. झोपलेल्या माणसाची छाती वर यावी तसा.

मी असते तर किंचाळत रस्ता गाठला असता. वन्संनी कमरेवर हात ठेवले.

"अप्पा, जिवंतपणी हात लावू दिला नाहीत. आता मेल्यावरही आडवे येणार?"

पंखा मुक्यानेच फिरत होता.

"ही गाडी आज टेकडी चढणार. तुमच्या नाकावर टिच्चून चढणार!"

टक.

एकदाच. झाकणावर.

वन्संनी तणतणतच झाकण उघडलं. ऑइलमधून एक बुडबुडा वर आला... सुपारीएवढा. फुटला.

आणि पंख्याचा आवाज परत आला.

तिसरा शॉकअप त्यांनी पुन्हा पहिल्यापासून केला. सावकाश. मग चौथा. मग सगळ्यांत गॅस.

भंगारवाला आला तेव्हा वन्सं टेकडीवर होत्या. मी, हे आणि तो, तिघं अंगणात उभे. जीप दगडांवरून उतरली ती मांजरासारखी. आवाज नाही, डुलणं नाही.

अंगणात येऊन थांबली. वन्सं उतरल्या. माणूस उतरला की गाडी त्या बाजूने जराशी उचलली जाते, तशी उचलली गेली.

"झकास केलंय हो काम," भंगारवाला म्हणाला.

आणि मग... दुसरी बाजू उचलली गेली.

तिकडचं दार बंद होतं. सीट रिकामी होती.

भंगारवाल्याने आमच्याकडे बघितलं. आणि आल्या पावली निघून गेला.

वन्सं मात्र त्या दाराकडे बघून ठणकावून म्हणाल्या, "शेजारी बसायचं तर बसा. स्टिअरिंग माझं!"

वस्तीवरच्या त्या बाईला मुलगी झाली. वेळेवर पोचल्या वन्सं. आजही रोज जातात, एकट्याच. एकट्याच म्हणायचं.

ते कोण होतं, आडवं येत होतं की सांभाळत होतं, मला कळलेलं नाही. मी माझा जप करते.

परवा मला बाजारात जायचं होतं. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, मागे कशाला? पुढे बसा की, मोकळीच आहे सीट."

मी दार उघडलं. सीटची गादी... मधोमध दबलेली होती.

मी दार हळूच लावलं, आणि मागे जाऊन बसले.