करंगळीशेजारचं बोट

वृषाली चौगुलेच्या डाव्या हातात चहाचा पेला होता आणि उजवा हात तिने नुसताच समोर, हवेत धरला होता. पंचवीस पावलांवर एक छोटं विमान शेपटीकडून कडुलिंबाच्या बुंध्याला दोरखंडाने बांधलेलं होतं आणि पूर्ण जोरात गुरगुरत होतं. पंख्याच्या वाऱ्याने माळावरचं वाळकं गवत आडवं झालं होतं. सात मिनिटं झाली. वृषालीने पेला खाली ठेवला.

"तिसरं पेटलं," ती म्हणाली. विमानात बसलेल्या धाकट्या भावाला ते ऐकू जाणं शक्य नव्हतं, म्हणून तिने करंगळीशेजारचं बोट उंच करून दाखवलं. रणधीरने समोरच्या काट्याकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

"काटा एकशेनव्वद सांगतोय आक्का. दोनशेतीसपर्यंत चालतंय की."

"काट्याला काय कळतंय."

ही बढाई नव्हती. कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेली बारा वर्षं असंच बोललं जात होतं, 'कडं' आल्यापासून. बांगडीपेक्षा जरा रुंद अशी ती पट्टी मनगटात घालायची आणि इंजिनाच्या चार सिलेंडरांवर चार चकत्या चिकटवायच्या. चकत्या ताप मोजून बिनतारी कड्याला कळवत, आणि कडं मनगटातल्या नसांना बारीक विजेचे झटके देऊन तोच ताप बोटांत उमटवत असे. पहिलं सिलेंडर तर्जनीत, दुसरं मधल्या बोटात, तिसरं त्याच्या पुढच्या, चौथं करंगळीत. नवख्याला महिनाभर नुसत्या मुंग्या येत. मग मेंदू शिकायचा, आणि भाकरी करणाऱ्या बाईला तवा कळावा तसं माणसाला इंजिन कळू लागायचं. आकडा दाखवणारा पडदा कड्याला नव्हता. तो लागणाऱ्याला उद्यमनगरात मिस्त्री म्हणत नसत.

सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, दिवसाला दोन तास वापरावं. कागद कुणी वाचला नव्हता. अंघोळीलाही कडं उतरत नसे. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, पान्या-हातोड्यांबरोबर ते पूजेला मांडायचं, तेवढाच एक दिवस मनगट मोकळं.

वृषाली उद्यमनगरातल्या कडं घालणाऱ्या चारशे हातांतला सर्वांत चांगला हात समजली जायची. म्हणूनच रणधीरने सहा वर्षं खपून हे विमान बांधलं तेव्हा त्यात ताप दाखवणारा एकच काटा बसवला, तोही तिसऱ्या सिलेंडरवर. डाव्या बाजूला पुढे एक नंबर, त्याच्या मागे तीन नंबर. मागच्याला हवा कमी मिळते, म्हणून काटा तिथे. बाकीच्या तिघांसाठी आक्का होती. कड्याचा पल्ला चाळीस पावलांचा. तेवढ्या अंतरावरून इंजिन जमिनीवर तपासून घ्यायचं आणि मग उडायचं, असा बेत होता.

बेत तीन आठवड्यांपूर्वी अडला, जेव्हा तिचं ते बोट पहिल्यांदा भाजलं.

तेव्हापासून दोघांनी इंजिन शेंगेसारखं सोललं होतं. वडिलांनी शिकवलेला नियम दोघांनाही पाठ होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलल्यावर इंजिनाला विचारायचं. ठिणगीची वेळ मागे घेतली, बोट तसंच. पेट्रोलचं प्रमाण वाढवलं, बोट तसंच. हवा कुठून आत शिरतेय का म्हणून सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधले. एकही आला नाही. शेवटी गेल्या शुक्रवारी वृषालीने विमानाच्या नाकाडातून इंजिनाकडे येणाऱ्या हवेच्या वाटेत पत्र्याची एक आडवी पट्टी बसवली, म्हणजे हवा थेट मागे तिसऱ्यावर जाईल. काटा एकशेनव्वदवरून एकशेसत्तरवर उतरला. बोट मात्र पहिल्यापेक्षा जास्त भाजत होतं. पट्टी काढून ठेवून तिने पुन्हा पाहिलं, ते आत्ताचं. बोटाला काहीच फरक नव्हता. तिने पट्टी परत बसवली.

"काटा खाली येतो," रणधीर खाली उतरत म्हणाला, "मग तुझं बोट का येत न्हाई?"

"चकती बिघडली असंल."

चकत्यांची अदलाबदल केली. तिसरी चकती दुसऱ्या सिलेंडरवर, दुसरी तिसऱ्यावर. खरंच तिसरं सिलेंडर तापत असेल, तर आता मधलं बोट भाजायला हवं होतं. सात मिनिटांनी पुन्हा करंगळीशेजारचंच भाजलं. म्हणजे सिलेंडर निर्दोष. चकत्या मूळ जागी आणून तिसऱ्यावर नवी लावली, तेच. आता उरलं कडं. वृषालीने ते उतरवून नवं, पेटीतलं घातलं. तेच.

ती पाना हातात धरून उभी राहिली. यादीत बदलायची एकच गोष्ट शिल्लक होती. रणधीरच्याही ते लक्षात आलं होतं. तो तिच्याकडे न बघता हात पुसत होता.

"हणमंतमामांना बोलाव," ती म्हणाली.

हणमंतमामा वडिलांचे जोडीदार, उद्यमनगरात कडं घालणारा पहिला माणूस. स्कूटरवरून अर्ध्या तासात आले. "काय गं, विमान उडतंय का नुसतंच लिंबाला बांधून हिंडवताय?" असं म्हणत त्यांनी आपलं कडं चकत्यांशी जुळवलं आणि हात समोर धरला. सात मिनिटं. दहा मिनिटं. वृषाली त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"चारी कोमट," मामा म्हणाले. "नुकत्या काढलेल्या धारेच्या दुधासारखी."

"तिसरं?"

"तिसरं तर सगळ्यात गार. तुला काय झालंय?"

 वृषालीने कडं काढून फळीवर ठेवलं. बोट तरीही भाजतच होतं.

 रणधीर हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे इंजिनाला काय झालंच नव्हतं. तुझ्या एका बोटापायी तीन आठवडे आपण चांगल्या इंजिनाची कातडी काढत बसलो."

"रणू, मला तरी कुठं माहीत होतं."

"उद्या चाचणी-उड्डाणाच्या परवान्याची मुदत संपते आक्का. परत अर्ज, परत दोन वर्षं." त्याने दोरखंडाची गाठ सोडली. "वर जाऊन येतो. मामांनी बघितलंय."

त्याला अडवायला तिच्याकडे कारण नव्हतं. तिच्या सगळ्या कारणांचा उगम त्या एका बोटात होता, आणि ते बोट खोटं ठरलं होतं. विमान माळावर धावलं, हललं, अलगद सुटलं. सहा वर्षांत दोघांनी हा क्षण किती वेळा बोलून दाखवला होता; आता तो आला तेव्हा ती शेडच्या दाराला टेकून आपल्या उघड्या मनगटाकडे बघत होती. कड्याखालची कातडी पांढरी, बाळाच्या कातडीसारखी नाजूक होती.

मामांनी स्टोव्हवर पुन्हा चहा ठेवला. वृषालीला स्वस्थ बसवेना. इंजिन तपासलं तसंच हाताला तपासायचं, एका वेळी एक, असं तिने ठरवलं. माठातलं गार पाणी एका वाटीत घेतलं, चहाच्या पातेल्यातलं एक पळी दुसऱ्या वाटीत. करंगळी कढत चहात टेकवली आणि झटकन मागे घेतली. मधलं बोट, तसंच. करंगळीशेजारचं बोट गार पाण्यात बुडवलं. ते तिथेही भाजत राहिलं. हे अपेक्षितच होतं.

मग तर्जनी. तिने ती कढत चहात टेकवली आणि वाट पाहिली.

काहीच झालं नाही. तिने बोट आणखी खोल घातलं. ओलं लागत होतं. चटका नव्हता.

तिला गेल्या खंडेनवमीची आठवण झाली. कडं पूजेत होतं. आरती तिच्यापुढे आली, तिने ज्योतीवरून हात फिरवला, आणि बोटांना नीटशी ऊब लागली नाही. तिने ते हसत सांगितलं तेव्हा चौघं-पाचजण म्हणाले, आमचंही तसंच होतं की या दिवशी. "आज हाताला सुट्टी," मामा म्हणाले होते, आणि सगळे हसले होते.

तर्जनी म्हणजे पहिलं सिलेंडर. तीन आठवडे ती काहीच बोलली नव्हती, आणि न बोलण्याचा अर्थ सगळं ठीक आहे, असा तिने घेतला होता.

मग तिला पत्र्याची पट्टी आठवली.

नाकाडातून येणारी हवा वाढली नव्हती. जेवढी होती तेवढीच होती. तिसऱ्याला जास्त दिली, म्हणजे ती कुणाच्या तरी वाटची काढून घेतली होती, आणि त्या बाजूला तिसऱ्याच्या पुढे एकच सिलेंडर होतं. नसलेला बिघाड दुरुस्त करताना तिने स्वतःच्या हाताने खरा बिघाड बसवला होता. जमिनीवर दहा मिनिटं तो निभावला असेल. पूर्ण जोर लावून पंधरा मिनिटं चढताना पहिल्याचं हेड तडकेल, नाहीतर त्याचा दट्ट्या आत आवळून बसेल आणि इंजिन बंद पडेल.

पण मामांनी चारी कोमट सांगितली होती.

"मामा," ती म्हणाली, "जरा हे बोट ह्या वाटीत घाला."

"का, चव बघू व्हय?" मामा हसले. "अगं, लोखंडाची बोटं हायत ही." त्यांनी तिच्याकडे बघतच तर्जनी वाटीत बुडवली. वाटीतून वाफ येत होती. मामा पुढच्या सूचनेची वाट बघत तसेच बसले. त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही.

"काढा मामा."

"घातलंय व्हय?" त्यांनी खाली पाहिलं.

बोट लालबुंद झालं होतं. मामांनी ते वर घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि दुसऱ्या कुणाचं असावं तसं उलटसुलट करून पाहिलं.  वृषालीच्या मनात उद्यमनगरातले चारशे हात येऊन गेले, आणि त्यांनी 'कोमट' म्हणून पास केलेली इस्पितळांची जनित्रं, रुग्णवाहिका, लिफ्ट. त्यांचा विचार करायला आत्ता वेळ नव्हता. तिने विमानाशी बोलायचा रेडिओ उचलला.

"रणू, जोर कमी कर. वळ आणि खाली ये."

खरखर झाली. मग त्याचा आवाज आला, मोकळा, कितीतरी दिवसांत नव्हता इतका आनंदी. "आक्का, रंकाळ्याचं पाणी दिसतंय इथनं. काटा एकशेअडुसष्ट. गार हाय एकदम."

"तो तिसऱ्याचा काटा. पहिलं तापतंय."

"कोण सांगतंय?"

वृषालीची नजर आपल्या तर्जनीवर गेली.

"तुझं बोट सांगतंय?" त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. "आता पुरे कर की आक्का."

"बोट काहीच सांगत नाही. म्हणूनच म्हणते. ती पट्टी मी लावली ना, तिनं पहिल्याची हवा तोडलीय. पट्टी कुठं आहे ते आठव, हवा कुठून येते ते आठव. मला काही जाणवत नाही रणू, मी नुसता हिशेब सांगतेय."

"मामांनी चारी बघितली की."

वृषालीने रेडिओ मामांपुढे धरला. मामा मागे सरकले. चाळीस वर्षं या माणसाच्या शब्दावर गिरण्या चालू आणि बंद झाल्या होत्या. त्यांच्या बोटावर आता टरटरून फोड येत होता, आणि त्याच हाताने त्यांनी रेडिओ घेतला आणि घट्ट धरला.

"पोरा," ते म्हणाले.  "मी बघितलं न्हाई. मला काय कळतच न्हाई आता."

पलीकडून उत्तर आलं नाही.

वृषाली माळावर धावत आली. विमान उगवतीच्या बाजूला, उन्हात, अळीएवढं दिसत होतं. ते वळत होतं की तिरपं होत होतं, ते इतक्या लांबून ठरवता येईना. इंजिनाचा आवाज मात्र स्वच्छ येत होता, एकसारखा, आणि तिच्या लक्षात आलं की कित्येक वर्षांत आपण इंजिन नुसतं कानाने ऐकलंच नव्हतं. कोणता आवाज चांगला आणि कोणता वाईट, हेही तिला आता सांगता येत नव्हतं.

तेवढ्यात तो आवाज एकदम उतरला.

तिचा उजवा हात सवयीने समोर गेला, बोटं पसरली. मोकळ्या मनगटाला वारा लागत होता. करंगळीशेजारचं बोट भाजत होतं, जसं आता कायम भाजणार होतं, आणि तर्जनी गप्प होती. मागून मामा विचारत होते, "काय झालं गं? त्यानं जोर कमी केला का?"

जोर त्याने कमी केला होता, की इंजिनाने?