सुपारीवरचं बोट

चंद्रावरच्या वस्तीत त्या दिवशी गणेशचतुर्थी होती. यानातून मूर्ती आणायला जागा कुठली? म्हणून शाल्मलीने चौरंगावर मूठभर तांदूळ पसरून वर सुपारीचा गणपती मांडला. पूजा झाली, आरती झाली, तरी पोर जागची उठेना. सुपारीवर बोट ठेवून तशीच बसलेली.

"अगं, मोदक निवतायत," चारुआत्या म्हणाली. आत्या इथल्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होती. "आज चंद्र बघू नये म्हणतात, आणि तू तर त्याच्यावरच ठाण मांडलंस!"

शाल्मलीला हसू आलं नाही. "बोट काढलं तर बाप्पा उडेल. इथे वजनच नसतं ना! आजीने बजावलंय, उत्तरपूजेपर्यंत बाप्पा जागचा हलता कामा नये."

हात भरून आला होता तिचा. आता डोळेही भरले.

आत्या शेजारी टेकली. "वजन असतं गं. पृथ्वीवरच्या सहाव्या हिश्श्याइतकं. चंद्रसुद्धा गुरुत्वाकर्षणाने (आपल्याकडे ओढण्याच्या बळाने) सुपारीला खाली ओढतोच."

"मग ती चौरंगातून आरपार का नाही जात?"

"आता कसं विचारलंस! ही उशी दाब बरं, दुसऱ्या हाताने."

उशी दबली, आणि एका जागी थांबली. तळव्याला तिचा रेटा जाणवत होता.

"चौरंगही असाच दबतो, पण इतका कमी की दिसत नाही. दबला की तो उलट वर रेटतो. त्याला म्हणतात अभिलंब बल (पृष्ठभागाने वस्तूला काटकोनात दिलेला रेटा). खालची ओढ आणि वरचा रेटा सारखे झाले की वस्तू स्वस्थ बसते."

"म्हणजे स्वस्थ बसलेल्यालाही दोघं धरून असतात?"

"हो. तू बोटाने दाबतेस, म्हणून चौरंगाला तेवढं जास्त रेटावं लागतंय. सकाळपासून बिचारा बाप्पालाही झेलतोय आणि तुलाही."

शाल्मलीने डोळे मिटले, हात जोडावेत तसं हळूच बोट उचललं. एक डोळा उघडला.

सुपारी तिथेच. तांदळाचा दाणाही हलला नव्हता.

खिडकीत निळी पृथ्वी तरंगत होती. तिथे आजीपुढेही बाप्पा बसला असेल, सहापट जड. आणि आजीचा चौरंग सहापट जोराने त्याला पेलत असेल. शाल्मलीने पाय जमिनीला टेकवले. खालून कुणीतरी तिलाही अलगद उचलून धरलं होतं.

"आत्या," मोदक फोडत ती म्हणाली, "पुढे मंगळावर वस्ती झाली की तिथे बाप्पाला मीच नेणार. आणि बोट नाही ठेवणार."