खोली नंबर चारचं आतलं हँडल

ही घडलेली गोष्ट आहे. पटली नाही तर सोडून द्या, मला कुणाला पटवायची हौस नाही.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. माझा धड माणसांवर नाही, तर भुतांवर कुठून बसणार. पण हे माझ्या धाकट्या जावेच्या बाबतीत घडलंय, आणि ती खोटं बोलायला लागली की तिचे कान लाल होतात. हे सांगताना तिचे कान पांढरेफटक होते.

भुतं म्हटलं की लोकांना मध्यरात्र लागते. हे झालं रविवारी, भर दुपारी, तिच्या ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर. बाहेर लख्ख ऊन होतं.

धाकटीची कंपनी शीतगृहं बांधते. फळं, औषधं, मासे ठेवायच्या मोठाल्या थंड खोल्या. कुठलं काम कुणाकडे, कधी संपणार, कुणी संपवलं, हे सगळं एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदलेलं. ते बंद करून सगळी माहिती नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायची होती. घर बदलताना सामान हलवतात, तसंच. फक्त इथे कपबशीऐवजी नोंदी फुटतात.

हे काम धाकटीच्या गळ्यात पडलं. दोन वर्षं ती कंत्राटावर होती. माहिती रविवारी संध्याकाळपर्यंत नीट हलली, तर सोमवारी पर्मनंटचं पत्र. नाही हलली, तर कंत्राट संपलं. विभागाच्या साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं.

हे साहेब म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा. ऑफिसात त्यांच्याबद्दल एक गंमत चालायची, की एवढी शीतगृहं बांधणाऱ्या माणसाच्या घरी फ्रीज नाही. तीन वर्षांपूर्वी काढून टाकला म्हणे. विचारलं तर म्हणायचे, "डॉक्टरांनी थंड बंद केलंय."

आणि एक होता टाचणी.

म्हणजे धाकटी लागायच्या आधीच तो गेला होता. कामांचं वेळापत्रक लावणारा माणूस. सगळ्यांना टोचायचा, म्हणून टाचणी. कुणाच्याही टेबलाशी यायचा, बोटाच्या पेराने दोनदा वाजवायचा, टक टक, आणि विचारायचा, "झालं का?"

"अहो, ते काम माझं नाही," असं कुणी म्हटलं तर ऐकायचा नाही. स्क्रीनवर बोट ठेवायचा. "नाव तुमचं आहे. ज्याचं नाव, त्याने उत्तर द्यायचं."

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी तो साइटवर खोली नंबर चार बघायला गेला. थंडावा चालू होता. आत शिरला आणि मागे दार बंद झालं. अशा खोलीला आतून उघडायचं हँडल असतं. त्या दाराला ते बसवलंच नव्हतं. सोमवारी सकाळी दार उघडलं तेव्हा तो दाराशीच बसलेला होता. बोटांची पेरं सोललेली.

चौकशी झाली. सॉफ्टवेअरमध्ये 'आतलं हँडल बसवणे' या कामापुढे हिरवी खूण होती. पूर्ण. खूण कुणी आणि कधी केली ते कुणी उघडून बघितलं नाही. मग काय, कुणीतरी हँडल चोरलं असेल, असं म्हणून फाईल मिटली.

तर तो रविवार.

धाकटी एक वाजता बसली. मजल्यावर ती एकटी. खाली वॉचमन. जुनं सॉफ्टवेअर शुक्रवारीच गोठवलेलं, म्हणजे बघता येईल पण त्यात कुणाला एक अक्षर लिहिता येणार नाही.

काम तसं सोपं. जुनी नावं डावीकडे, नवी उजवीकडे, जोड्या लावायच्या. सोडून गेलेल्या लोकांची नावं नव्यात सापडत नाहीत. त्यासाठी एक रकाना असतो, की नाव सापडलं नाही तर नोंद कुणाच्या नावावर टाकायची. तो रिकामा ठेवला तर गाडी पुढे सरकत नाही. गुरुवारी चाचणी घेताना धाकटीने घाईत तिथे स्वतःचं नाव टाकलं होतं. चाचणीच तर आहे, म्हणून. खऱ्या दिवशी तिथे 'जुने कर्मचारी' लिहायचं, असं ठरवलं होतं.

ते राहिलं. मी तिला किती बोलले असेन त्यावरून. पण आता बोलून काय उपयोग.

दोन वर्षांहून जुने बंद झालेले प्रकल्प न्यायचे नव्हते, असा साहेबांचा लेखी हुकूम. ते गाळून उरले दोनशे बारा. अडीच वाजता माहिती चढली.

नव्यात मोजले... दोनशे तेरा.

तिने सगळं पुसलं. पुन्हा चढवलं.

दोनशे तेरा.

एक जास्त कुठून आला ते शोधलं. 'शीतगृह, खोली नंबर चार'. तीन वर्षांपूर्वी बंद झालेला प्रकल्प. तो यायलाच नको होता.

तिने तेवढाच पुसला. स्क्रीन ताजी केली. तो परत जागेवर.

एव्हाना तिला थंडी वाजायला लागली होती. उठून एसीचा आकडा बघितला. त्या एसीचा आकडा सोळाच्या खाली जात नाही. लोकांनी उन्हाळ्यात जंग जंग पछाडलंय.

त्यावर... चार होतं.

आणि एसीचा आवाज येत नव्हता. कसलाच आवाज येत नव्हता. खालच्या रस्त्यावरचे हॉर्नसुद्धा बंद.

शाल गुंडाळून ती परत बसली. घाबरली होती, पण पत्र डोळ्यांपुढे होतं. हा प्रकल्प जात का नाही ते बघायला तिने जुन्या सॉफ्टवेअरमधल्या त्याच्या नोंदी उघडल्या. कुणी, कधी, काय केलं, सगळं ओळीने.

रविवार, दुपारी तीन अडतीस. टाचणीने लिहिलं होतं, 'हँडल लावलं का? मी स्वतः आत जाऊन बघतो.'

पुढची ओळ. त्याच रविवारी, संध्याकाळी सहा दहा. 'आतलं हँडल बसवणे' हे काम पूर्ण म्हणून खूण. खूण करणारे... साहेब.

धाकटीने ते तीनदा वाचलं.

टाचणी सापडला सोमवारी सकाळी. तो आत आहे हे रविवारी कुणालाच माहीत नव्हतं, असं सगळे सांगतात. मग सहा दहाला साहेबांना हँडलची आठवण कशी झाली? त्यांना माहीत होतं. माहीत असून त्यांनी दार उघडायला माणूस पाठवला नाही. आधी खूण केली. आणि सहा दहाला टाचणी कदाचित जिवंत असेल.



तिने घड्याळाकडे बघितलं. तीन चाळीस.

टक टक.

तिच्याच टेबलावर. तिच्या उजव्या हातापासून वीतभर अंतरावर... तिथे कुणी नव्हतं.

गोठवलेल्या त्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, तिच्या डोळ्यांदेखत, शेवटच्या ओळीखाली नवी ओळ उमटली.

'झालं का?'

धाकटी पर्स घेऊन दाराकडे पळाली. दार काचेचं, कार्डावर उघडतं. कार्ड लावलं. लाल दिवा. आतून उघडायचं बटण असतं, ते दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. बटण सैल होऊन आत गेलं आणि आतच राहिलं.

तिने काचेवर हात आपटले. वॉचमनला हाका मारल्या. तोंडातून वाफ निघत होती.

टक टक... मागून. पहिल्यापेक्षा जोरात.

फोन वाजला. साहेब.

"आकडा जुळला का?"

"सर, मी आत अडकलेय. दार उघडत नाहीये."

"आकडा विचारतोय मी."

"दोनशे तेरा. खोली चार येतेय. पुसली तरी परत येतेय."

पलीकडे खुर्ची करकरली.

"जुन्या नोंदी उघडल्यात तुम्ही?"

"सर, सहा दहाची नोंद..."

"मॅडम," साहेब अगदी हळू बोलले, "प्रकल्प येतोय तर येऊ दे. 'जुन्या नोंदींसह' ही टिक काढा आणि चढवून टाका. नोंदी उद्या जुन्या सॉफ्टवेअरबरोबर जातील. तुमचं पत्र माझ्या टेबलावर आहे आणि सही माझी लागते."

"आधी कुणाला तरी दार उघडायला पाठवा ना, सर. खूप गार आहे इथे."

"आधी काम संपवा. मग दार."

तिची बोटं काळीनिळी पडत चालली होती. टक टक आता थांबतच नव्हतं. टेबलं, खुर्च्या, कपाटं, एकेक करत आवाज तिच्याकडे येत होता. तिला समजत होतं की ती टिक ठेवली तर सगळं बाहेर येईल, तो मेलेला माणूस खरा ठरेल. आणि टिक काढली तर पत्र मिळेल.

ती परत टेबलाशी जाऊन बसली आणि तिने टिक काढली.

मी तिला दोष देत नाही. देते. थोडा देते. पण त्या थंडीत मी काय केलं असतं, ते मलाही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

माहिती चढली. शंभर टक्के. आवाज थांबले.

दार आपोआप... खट्.

एसी घरघरायला लागला. आकडा चोवीस. रस्त्यावरचे हॉर्न ऐकू आले. धाकटी हुंदके देत उठली, पण उठताना तिची नजर स्क्रीनवर गेली.

'आतलं हँडल बसवणे. पूर्ण. रविवार, सहा दहा. पूर्ण करणार...'

पुढे धाकटीचं नाव होतं.

साहेबांची तीन वर्षांपूर्वीची खूण त्यांच्या जुन्या ईमेलवर होती. मधे कंपनीचं नाव बदललं, ईमेल बदलले, त्यामुळे नव्यात ते नाव सापडलंच नाही. आणि न सापडलेलं सगळं त्या रकान्यातल्या नावावर गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

त्या नावाखाली एक नवी ओळ होती. लिहिणाऱ्याचा रकाना रिकामा.

'नाव मिळालं.'

ती जिने धडाधडा उतरून खाली आली. वॉचमन खुर्चीतून उठला.

"मॅडम, मी मघाशी चहाचं विचारायला वर आलो होतो. काच वाफेने पांढरी झाली होती, आतलं दिसेना, म्हणून टकटक केली. आतून कुणीतरी म्हणालं, अजून झालं नाही. पुरुषाचा आवाज होता. मला वाटलं कोणी साहेब आलेत."

सोमवारी सकाळी दहाला जुनं सॉफ्टवेअर बंद झालं. नोंदी गेल्या. धाकटीने त्याआधी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन हात जोडले. बंद प्रकल्पातलं नाव फक्त साहेबांनाच बदलता येतं.

"तेवढं माझं नाव काढा, सर. मी तर तेव्हा कंपनीत नव्हते."

"मग घाबरता कशाला? कोण बघतंय?" असं म्हणून त्यांनी पत्रावर सही केली. पत्र पुढे सरकवताना ते हसत होते. धाकटी म्हणते, दोन वर्षांत त्यांना इतकं मोकळं हसताना तिने पहिल्यांदाच बघितलं.

आम्ही एकाच घरात राहतो, स्वयंपाकघर एक. पुढच्या रविवारी दुपारी मी भांडी आवरत होते. धाकटी पीठ मळत होती.

टक टक.

"कोण आहे गं दाराशी?" मी म्हटलं.

ती कणकेत हात तसेच ठेवून फ्रीजकडे बघत होती. आवाज फ्रीजमधून आला होता. आतून.

मी काही भित्री नाही, मी दार उघडलं. दूध, भाज्या, कालचं वरण. दाराच्या आतल्या बाजूला, रबराजवळ, चार ओरखडे होते. ताजे.

घड्याळात तीन चाळीस.

तिने नोकरी सोडायचा विषय काढला. मी म्हटलं, सोड. मग तीच म्हणाली, "ताई, नोकरी सुटेल. नाव कसं सुटेल?" 

असे सात रविवार झाले. ओरखडे वाढतायत. आम्ही फ्रीज रिकामा केला, पुसून काढला, प्लग काढला, तरी आवाज येतोच.

गेल्या शुक्रवारी ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांनी फोटो टाकला होता. धाकटीने मला दाखवला. साहेबांचं सगळं कुटुंब हसत उभं होतं. मधे नवाकोरा फ्रीज, दोन दारांचा. खाली लिहिलं होतं, 'तीन वर्षांनी घरात थंड पाणी.'

आज रविवार आहे. हे लिहितेय तेव्हा तीन पस्तीस झालेत. धाकटीला मी मुद्दाम तिच्या आईकडे पाठवलंय. तिथे पोचून तिने आत्ताच फोन केला. म्हणाली, "ताई, आईच्या फ्रीजचं दार बाहेरूनही बर्फासारखं गार लागतंय, आणि त्याचा प्लग मी येताक्षणी काढला होता."

मी तिला म्हटलं, फ्रीजपासून लांब बस. दुसरं काय सांगणार.

तीन अडतीस.

तिचा फोन आता लागत नाहीये.